दहापैकी सात

देवळाली कॅम्पात राहणाऱ्याला तोफांच्या आवाजाचे काही वाटत नाही. फायरिंग रेंजवर सराव सुरू झाला की आमच्या वर्गाच्या खिडक्यांची तावदाने थरथरतात आणि मुले मान वर न करता लिहीत राहतात. बाहेरगावाहून आलेली एखादी नवी टीचर तेवढी दचकते. मग मुले तिला हसतात.

स्कूल ऑफ आर्टिलरी इथेच आहे. पहाटे जवानांच्या तुकड्या धावताना दिसतात आणि मोहल्ल्यातली दोन-चार पोरे त्यांच्यामागे हौसेने पळतात. टेरिटोरियल आर्मीची भरती निघाली की हजारो तरुण कॅम्पात उतरतात, दुकानांच्या ओट्यांवर पिशवी उशाशी घेऊन झोपतात. त्यामुळे 'भरती' हा आमच्याकडे चांगला शब्द आहे. पोरगा भरतीला गेला म्हणजे त्याने काही करून दाखवायचे ठरवले, असे आम्ही समजतो.

या शब्दाचा दुसरा अर्थ मला नववीतल्या एका मुलामुळे कळला. तो कळायला मला तीन महिने उशीर झाला. त्या उशिराबद्दलच मला लिहायचे आहे. मुलाची ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. बाकी सगळे जसे घडले तसे.

करोनानंतर ऑक्टोबर २०२१ मध्ये वर्ग पुन्हा भरले. दीड वर्ष मुले मोबाईलवर शिकली होती, म्हणजे ज्यांच्याकडे मोबाईल होता ती. ज्यांच्याकडे नव्हता त्यांच्या घरी आम्हीच निरोप धाडले होते, काहीही करा पण मुलाला स्मार्टफोन घेऊन द्या, नाहीतर त्याचे वर्ष वाया जाईल. या मुलाची अम्मी साड्यांना पिको-फॉल करते. अब्बा भाजीचा टेम्पो चालवतात. रात्री वाशी मार्केटला माल पोचवायचा, दिवसा घरी येऊन झोपायचे. अम्मीने उधारी करून फोन घेतला. तिला त्यासाठी राजी करणारी मीच होते.

नोव्हेंबरात मी मुलांना मजमून लिहायला दिला, 'मेरी जिंदगी का मकसद'. कुणाला डॉक्टर व्हायचे होते, कुणाला फौजी, एकीला माझ्यासारखी टीचर. या मुलाने जेमतेम आठ ओळी लिहिल्या होत्या. ही दुनिया फसवी आहे, इथे आपल्या लोकांवर जुलूम होतो आहे, आणि ज्याला लवकर मरण येईल तोच खरा जिंकला, असा त्याचा मतलब होता. 'मकसद' या शब्दात त्याने स्वादच्या जागी सीन लिहिला होता. तो मी लाल शाईने दुरुस्त केला. खाली 'खुशखत लिखो' असा शेरा मारला आणि दहापैकी सात गुण दिले.

ती वही आज माझ्या कपाटात आहे. मी त्या ओळी वाचल्या नव्हत्या असे नाही. वाचल्या होत्या. क्षणभर थांबलेही होते. मग मनात आले, पोर आहे, कुठे काही ऐकले असेल. आणि दुसरी गोष्ट मनात आली ती लिहायला लाज वाटते. मी याबद्दल विचारले, कुणाला सांगितले, तर उद्या गोष्ट कुठवर जाईल? उर्दू शाळा, मुसलमान मुलगा आणि असा मजमून. शाळेचे नाव, माझे नाव, त्याचे नाव. त्यापेक्षा स्वाद दुरुस्त केलेला बरा. मी वही मिटली आणि पुढची उघडली.

फेब्रुवारी २०२२ मध्ये एका संध्याकाळी त्याची अम्मी माझ्या घरी आली. शाळेत नाही, घरी. बुरख्याच्या आत तिने एक पिशवी धरली होती. पिशवीत फोन होता, बंद केलेला. बराच वेळ ती माझ्या मुलीच्या शाळेबद्दल, वाढलेल्या दोऱ्याच्या भावाबद्दल बोलत राहिली. चहा गार झाला. मग म्हणाली, "टीचर, इसने गाने सुनना छोडा, मैं खुश हुई. टीवी छोडा, मैं खुश हुई. फिर इसने मस्जिद जाना छोडा, तब मैं डर गई."

मी विचारले, मस्जिद का सोडली?

"बोलता है, यहाँ के सब इमाम बिके हुए हैं. अब्बा के पीछे भी नमाज नहीं पढता."

एखाद्या मुलाने नमाज सुरू केली, दाढी ठेवली, पायजमा घोट्याच्या वर घेतला, म्हणून बाहेरचे लोक त्याच्याकडे संशयाने बघतात. ते किती चुकीचे आहे ते आपल्याला ठाऊक आहे. आपल्या घराघरांत दीनदार मुले आहेत आणि ती आईबापांचा आधार आहेत. या आईला मात्र वेगळेच काही दिसले होते. मुलगा दीनच्या जवळ जातो आहे असे वाटत असताना तो मोहल्ल्यापासून, इमामापासून, बापापासून आणि शेवटी तिच्यापासून तुटत चालला होता. कुणीतरी त्याला एकेका माणसापासून वेगळे काढत होते. हे पोलिसाला दिसणार नव्हते, टीचरला वहीत दिसूनही दिसले नव्हते. ते तिला दिसले, कारण तो जेवायला ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जाऊ लागला होता.

मी तिला विचारले, बाजी, हे केव्हापासून? ती म्हणाली, बकरीदपासून. म्हणजे जुलैपासून. सात महिने तिने हे कुणालाही सांगितले नव्हते. का, असे मी विचारले आणि विचारताक्षणीच मला उत्तर कळले. ती म्हणाली, "किसको बोलूँ?"

या दोन शब्दांत आपल्या समाजाची वीस वर्षे आहेत. मालेगाव आमच्याच जिल्ह्यातले. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी, तिथे कब्रस्तानाजवळ बॉम्बस्फोट झाले, तीसहून अधिक माणसे गेली. मेले ते मुसलमान, आणि पकडले गेले तेही मुसलमान तरुण. त्यांना विशेष न्यायालयाने आरोपमुक्त केले ते एप्रिल २०१६ मध्ये. त्याच २००६ सालच्या मुंबईतल्या लोकल स्फोटांच्या खटल्यात खालच्या न्यायालयाने दोषी ठरवलेल्या १२ जणांना मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष ठरवले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आहे, पण गेलेली एकोणीस वर्षे कोणतेही न्यायालय परत देणार नाही. त्या संध्याकाळी हा दुसरा निकाल अजून यायचा होता. पण त्या आईला कुणी निकाल वाचून दाखवायची गरज नव्हती. ज्या घरात पोलीस एकदा येऊन गेले त्या घरातल्या मुलींची लग्ने अडतात, भाड्याचे घर सुटते, धंदा बसतो, एवढे तिला माहीत होते. मुलगा हातातून जाईल ही एक भीती, आणि मुलाला वाचवायला गेले तर सगळे घर जाईल ही दुसरी. दोन भीतींच्या मध्ये ती सात महिने गप्प होती.

मुलांना ओढणाऱ्यांना नेमकी हीच गप्प बसलेली घरे हवी असतात. घर जितके घाबरलेले, तितके त्यांचे काम सोपे.

मला तेव्हा कल्याण आठवले. मुंबईच्या वाटेवरचेच गाव. मे २०१४ मध्ये तिथले चार तरुण जियारतला जाणाऱ्यांच्या जथ्याबरोबर इराकला गेले आणि तिथून आयसिसकडे निघून गेले. विशीतली, शिकणारी मुले. पोलिसांत खबर दिली ती घरच्यांनीच. त्यांतला एक नोव्हेंबर २०१४ मध्ये परत आला आणि अटकेत गेला. घरच्यांना कळले तेव्हा मुले निघून गेली होती. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०१५ मध्ये, पुण्यातली सोळा वर्षांची एक मुलगी इंटरनेटवरून अशाच जाळ्यात ओढली जात असल्याचे दहशतवादविरोधी पथकाच्या लक्षात आले. तिला अटक झाली नाही. पथकाने आईवडिलांना विश्वासात घेतले, उलेमांची मदत घेतली, समुपदेशन केले. २०१६ च्या सुरुवातीला सरकारने अशा कामाचा कार्यक्रमही जाहीर केला. उलेमा तर त्याआधीच बोलले होते. सप्टेंबर २०१५ मध्ये देशभरातल्या हजाराहून अधिक उलेमांच्या सह्यांचा आयसिसविरोधी फतवा मुंबईतून निघाला होता. कल्याण आणि पुणे यांत फरक काय? मुलांच्या समजुतीत तो नसावा. एका ठिकाणी घरच्यांपर्यंत कुणी वेळेवर पोचले, दुसऱ्या ठिकाणी घरच्यांना कळायलाच उशीर झाला.

हे सगळे मला माहीत होते. वर्तमानपत्रात वाचले होते. तरीही अम्मी गेल्यावर मी काय केले? अकरा दिवस काहीच केले नाही. रोज वर्गात त्याच्याकडे बघायची आणि नजर वळवायची. त्या अकरा दिवसांत तो निघून गेला असता तर आज हा लेख लिहायचे तोंड मला राहिले नसते.

बाराव्या दिवशी मी सुभेदार चाचांकडे गेले. ते मूळचे साताऱ्याकडचे, तोफखान्यातून निवृत्त होऊन इथेच राहिलेले. त्यांच्याकडे जायचे सुचले कारण तो मुलगा लहानपणी त्यांच्या ओट्यावर बसून तोफांच्या गोष्टी ऐकायचा. चाचांनी शांतपणे ऐकून घेतले. दोनच माणसे आणखी घ्यायची असे त्यांनी ठरवले. मोहल्ल्यातले तरुण हाफिजसाहेब, आणि नाशिकरोडच्या एक वकीलताई. पाचवे कान नकोत, म्हणाले.

वकीलताईंनी पहिले सांगितले ते असे की फोन फोडू नका, त्यातले काही पुसू नका. मुलाच्या अब्बांना कळले तेव्हा त्यांनी फोन चुलीत घालायचे ठरवले होते. ताई म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या मुलाला कुणीतरी मोठा माणूस फसवतोय याचा पुरावा फक्त त्या फोनमध्ये आहे. तो जाळलात तर उरेल फक्त तुमचा मुलगा." मग त्यांनी कायदा समजावला. तो मी इथे मुद्दाम देते, कारण आपल्यापैकी फार थोड्यांना तो माहीत असतो. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ८३ प्रमाणे, केंद्र सरकारने जाहीर केलेल्या एखाद्या सशस्त्र गटाने अठरा वर्षांखालच्या मुलाला भरती केले किंवा कोणत्याही कामासाठी वापरले, तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. शिक्षा भरती करणाऱ्याला आहे. सशस्त्र संघर्षाची झळ लागलेल्या मुलाला हा कायदा काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले मूल मानतो. जगानेही हेच मान्य केले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या करारात असे गट कोणत्याही कारणाने अठराच्या आतल्या मुलाला घेऊ शकत नाहीत असे म्हटले आहे. भारताने तो करार नोव्हेंबर २००५ मध्ये स्वीकारला.

पण ताईंनी दुसरी बाजूही लपवली नाही. मुलगा सोळाचा झाला आणि त्याच्या हातून गंभीर गुन्हा घडला, तर त्याच्यावर मोठ्या माणसासारखा खटला चालू शकतो. आपला मुलगा पंधरा वर्षे चार महिन्यांचा होता. अजून काही घडलेले नव्हते. "म्हणून आजच," ताई म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात नाही."

फोनमध्ये काय होते? मला वाटले होते बॉम्ब, बंदुका, काळे झेंडे असतील. तेही थोडे होते. सुरुवात मात्र एका व्हिडिओने झाली होती. कुठेतरी जमाव एका म्हाताऱ्याला मारतो आहे, असा तो व्हिडिओ. मुलाने तो बघून कुठल्याशा गटात रडण्याची खूण टाकली. मग कुणी 'भाई' त्याच्याशी खासगीत बोलू लागला. त्या भाईने महिनाभर लढाईचे नावही काढले नव्हते. तो रोज विचारायचा, खाना खाया? नींद आई? आज स्कूल में क्या हुआ? अब्बा रात्रभर रस्त्यावर, अम्मी मशीनवर, टीचरला चाळीस वह्या तपासायच्या. पंधरा वर्षांच्या पोराला जेवलास का असे रोज विचारणारा एकच माणूस होता आणि तो कोण, कुठला, हे कुणालाच माहीत नव्हते. तो कोणत्या संघटनेचा हेही आम्हाला शेवटपर्यंत नीट कळले नाही.

दुसऱ्या महिन्यात आले, अम्मीला सांगू नकोस, तिला समजणार नाही. तिसऱ्या महिन्यात, तुझा इमाम सरकारी आहे. मग, अम्मीच्या आधार कार्डवर आणखी एक सिम घे आणि त्याचा नंबर मला दे. ते सिम त्याने घेतले होते. त्या नंबरावरून कुठे काय झाले असते तर आधी त्याच्या आईच्या दारात पोलीस आले असते, हे त्या पोराच्या स्वप्नातही नव्हते.

मुलाशी बोलायचे कुणी, असा प्रश्न आला. अब्बांनी आधीच एकदा हात उचलला होता. चाचा म्हणाले, "आता कुणी हात उचलायचा नाही आणि कुणी वाजही द्यायचा नाही." त्यांनी मुलाला ओट्यावर बोलावले. मी दाराआड होते. चाचा म्हणाले, "मी भरती झालो तेव्हा त्यांनी आधी माझं वय विचारलं. मग बापाचं नाव, गाव. दात मोजले, छाती मोजली. घरी पत्र आलं, ते माझ्या अम्मीनं मोहल्ल्यात सगळ्यांना दाखवलं. बेटा, जी भरती अम्मीपासून लपवायला सांगतात ती कसली भरती? तो फौजी नव्हे, मुलं पळवणारा."

मुलगा काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आला.

हाफिजसाहेबांनी पहिले पंधरा दिवस त्याच्याशी क्रिकेटशिवाय बोलणे केले नाही. मग एकदा त्यांनी त्याला ती हदीस सांगितली, जी आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. लढाईला जायची परवानगी मागायला आलेल्या माणसाला रसूलल्लाहने आधी विचारले की तुझे आईबाप हयात आहेत का, आणि हो म्हटल्यावर त्यांच्याच खिदमतीत कष्ट कर म्हणून परत पाठवले. हाफिजसाहेब एवढेच म्हणाले, "तुझ्या त्या भाईने हा सवाल तुला कधी विचारला का?" मुलाने त्यांच्याशी वाद घातला. बरेच दिवस घातला. व्हिडिओतल्या म्हाताऱ्याचे काय, असे तो विचारायचा. हाफिजसाहेबांनी त्याला तो जुलूम खोटा आहे असे कधी सांगितले नाही. जुलूम खरा आहे, मलाही झोप येत नाही, असे म्हणाले. मला वाटते, मुलगा त्यांच्याशी बोलत राहिला तो यामुळेच. आपण मुलांच्या रागाला खोटे म्हणतो आणि ती त्या रागाला खरे म्हणणाऱ्याकडे जातात.

पोलिसांकडे जायचा दिवस आला तेव्हा अम्मीचे हात थंड पडले होते. अर्ज वकीलताईंनी लिहिला होता, त्यावर सही अम्मीची आणि साक्षीदार म्हणून माझी. सही करताना माझाही हात कापला, हे कबूल करते. ज्या अधिकारी बाई भेटल्या त्या साध्या कपड्यात होत्या. मुलांच्या बाबतीत नियमच तसा आहे, हे मला त्या दिवशी कळले. त्यांनी दोन तास ऐकून घेतले, फोन आणि ते सिम ठेवून घेतले, आणि मुलाला विचारले, "शाळा चालू आहे ना?" त्याला अम्मीबरोबर घरी पाठवले. पुढे चार वेळा बोलावले, दर वेळी आईसमोर. एक समुपदेशक बाई काही महिने त्याच्याशी बोलत राहिल्या.

आम्हाला चांगला अधिकारी भेटला, हे आमचे नशीब. सगळ्यांना भेटतोच असे मी म्हणणार नाही, आणि ज्यांना भेटला नाही त्यांच्या घरांतले लोक हे वाचून कडवट हसतील हेही मला ठाऊक आहे. पण आईची हिंमत नशिबावर अवलंबून राहावी, हेच तर बदलायला हवे.

बी.एड.ला माझी एक मैत्रीण गडचिरोलीची होती. हे सगळे निवळल्यावर मी तिला फोनवर सांगितले. मला वाटले होते तिला नवल वाटेल. ती म्हणाली, "अगं, आमच्याकडे हे किती वर्षं चाललंय." तिच्याकडे भरतीसाठी मोबाईल लागत नसे. दलम गावात येई, गाणी म्हणे, नाटक करी, आणि दहा-बारा वर्षांच्या पोरांना आधी निरोप न्यायला, मग पहाऱ्याला लावी. बाल संघम असे त्याला नाव होते. मुले नेऊ नयेत म्हणून आईबाप त्यांना लांबच्या आश्रमशाळेत टाकत, मुलींची लग्ने घाईने उरकत. दलमला नाही म्हणावे तर एक संकट, पोलिसांना सांगावे तर दुसरे. मी ऐकत राहिले. गोंड आई आणि माझ्या मोहल्ल्यातली आई, दोघींची कोंडी एकच. हा प्रश्न एका धर्माचा आहे असे जे म्हणतात त्यांनी गडचिरोलीच्या एखाद्या पाड्यावर जाऊन यावे.

तिने आणखी एक गोष्ट सांगितली. २०२१ पासून गडचिरोलीच्या पोलीस ठाण्यांत आणि मदत केंद्रांत 'पोलीस दादालोरा खिडकी' सुरू झाली आहे. आदिवासी माणूस तिथे जातीचा दाखला, योजनेचा अर्ज अशा कामांसाठी जातो. पोलिसाच्या दारी गुन्ह्याशिवायही जाता येते, एवढे तरी त्या खिडकीने शिकवले. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती ऊर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव हा मोठा नेता साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला, ती बातमी सगळ्यांनी वाचली. त्यामागे बंदुकीचे बळ होते, रस्ते होते, आणखी बरेच काही होते. पण मला ती खिडकी लक्षात राहिली.

लांब जर्मनीतही काही वर्षांपूर्वी हाच विचार झाला. अशा जाळ्यात ओढल्या जाणाऱ्या मुलांचे आईबाप कुणाशी बोलणार, म्हणून २०१२ मध्ये तिथल्या सरकारने एक फोन नंबर सुरू केला. बर्लिनमध्ये अशा कुटुंबांना सल्ला देणारी एक संस्था आहे, तिचे नाव 'हयात'. आपलाच शब्द. त्यांचा सल्ला साधा आहे. मुलाशी बोलणे तोडू नका, त्याचा अपमान करू नका, घराचे दार उघडे ठेवा. आमच्या सुभेदार चाचांनी हयातचे नाव ऐकलेले नाही. पण त्यांनी ओट्यावर जे केले ते हेच होते.

मग आपल्याकडे ती खिडकी कोणी उघडायची? पोलीस ठाण्यात ती नंतर असेल. पहिली खिडकी मोहल्ल्यातच हवी. शाळेत महिन्यातून एकदा पालकांची बैठक होते, ती फी आणि गुणांवर संपते. त्यातली वीस मिनिटे मोबाईलला देता येतात. मुलगा कुणाशी बोलतो, कुणी काही लपवायला सांगते का, कुणी सिम किंवा आधार कार्ड मागते का, एवढे आईला कळले तरी पुष्कळ. मस्जिदीच्या जमातीने एक वकील आणि एक समुपदेशक जोडून ठेवला तर त्याला फार पैसे लागत नाहीत. मुलांसाठीचा १०९८ हा नंबर शाळेच्या भिंतीवर असतो, तो कशासाठी आहे हे मुलांना आणि आयांना सांगावे लागते. जिल्ह्याला बालकल्याण समिती असते, तिचे दार आपल्यालाही उघडे आहे. आणि सर्वांत आधी, एखादी आई असे सांगायला आली तर तिच्या घराकडे बोट न दाखवण्याची शपथ मोहल्ल्याने घ्यायला हवी. आपल्या समाजाचे नाव खराब होईल म्हणून गप्प बसणारे आणि समाजाला बदनाम करायला टपलेले, दोघेही त्या आईचे तोंड बंद करतात.

तो मुलगा त्या वर्षीच्या रमजानमध्ये, एप्रिल २०२२ मध्ये, तरावीहला येऊ लागला. शेवटच्या सफमध्ये उभा राहायचा. मार्च २०२३ मध्ये दहावी झाला, फार चांगले गुण नव्हते. मग आयटीआय केले. आता पंखे, फ्रिज, एसी दुरुस्त करतो. अब्बांनी रोज रात्रीचा टेम्पो सोडला नाही, सोडून चालणारही नव्हते, पण वाशीला पोचले की ते मुलाला फोन करून विचारतात, जेवलास का?

तो खरोखर गेला असता का? मला माहीत नाही. कदाचित त्या भाईने चार महिन्यांनी त्याला सोडून दिले असते. कदाचित तो स्वतःच कंटाळला असता. जे टळते त्याचा पुरावा राहत नाही. म्हणून अशा कामाचे कौतुक होत नाही आणि त्यासाठी कुणी पैसाही मंजूर करत नाही. माझ्याकडे पुरावा म्हणाल तर ती एक वही आहे.

गेल्या महिन्यात नववीला पुन्हा तोच मजमून दिला. चाळीस वह्या घरी आणल्या. या वेळी लाल पेन आधी बाजूला ठेवले आणि सगळ्या वह्या एकदा नुसत्या वाचल्या. रेंजवर तोफा चालू होत्या. एका मुलीने लिहिले होते की तिला घरी कुणी बोलायला नाही. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. तिला गुण द्यायच्या आधी मी तिच्या अम्मीला फोन लावला.